एका नंबरावर एक पेशंट

पडद्यावर माझा आलेख खाली उतरत होता आणि मीटिंगमधले सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. जानेवारीचा महिना होता. बाहेर धुकं इतकं की फूलबागेहून ऑफिसला यायला ऑटोवाल्याने दुप्पट वेळ घेतला होता. हॉलमध्ये निम्मे लोक खोकत होते. आणि माझा आलेख सांगत होता की ग्वाल्हेरात फ्लू यंदा निम्म्याहून कमी झाला आहे. त्या खोकण्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. पण कौतुक चालू असताना कोण खोकला ऐकतं?

माझं काम साथींचे आकडे गोळा करण्याचं. ताप आणि खोकला घेऊन जो येतो त्याला आम्ही ‘आयएलआय’ म्हणतो, म्हणजे फ्लूसारखा आजार. त्यातल्या ज्याला धाप लागून भरती करावं लागतं, तो ‘सारी’. दर हिवाळ्यात हे दोन्ही वाढतात. बहुतेक लोक आठवड्यात बरे होतात, त्यामुळे फ्लूला कोणी आजार मानत नाही. पण म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं, दमा किंवा साखर असलेले, यांच्यातले काही न्यूमोनियापर्यंत जातात. कोणी गेलंच तर कागदावर हृदय लिहिलं जातं, फ्लू नाही. म्हणून हा आजार मोजल्याशिवाय दिसत नाही. आणि मोजणारी मी.

त्या वर्षी आमचं एकत्रीकरण झालं होतं. दवाखान्यांचं एक ऑफिस, मोठ्या हॉस्पिटलांचं दुसरं आणि लॅबचं तिसरं, अशी तीन दुकानं एका छताखाली आणली गेली. तीन रजिस्टरांच्या जागी एक पोर्टल आलं. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की एकच पेशंट तीनदा मोजला जातो. तो आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो, मग मोठ्या हॉस्पिटलात, मग त्याचा स्वॅब लॅबमध्ये. सर म्हणाले, मॅडम, डुप्लिकेट काढा. मी दोन दिवस विचार केला आणि एक नियम बनवला: एकाच आठवड्यात एकाच मोबाइल नंबरावर जितक्या नोंदी, त्या सगळ्या मिळून एक पेशंट. शिवाय नंबर भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही, अशीही सोय केली. मला ती सोय फार हुशारीची वाटली होती. चहाच्या वेळी मी दोघा-तिघांना ती समजावूनही सांगितली. त्यांनी विचारलं नव्हतं.

मीटिंगमध्ये सर खुश होते. आलेख त्याच दुपारी भोपाळला गेला. आणि आलेख खाली आला की पुढची पायरी ठरलेली असते: जिथे गरज नाही तिथली माणसं काढून घ्या. शिंदे की छावनीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात दर हिवाळ्यात तापाच्या पेशंटसाठी वेगळा डॉक्टर बसायचा, रोज, थंडी संपेपर्यंत. तो आता दुसरीकडे पाठवायचा असं ठरलं. ऑर्डर पुढच्या सोमवारी निघणार होती.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातल्या सिस्टर माया जाधवांचा फोन आला. त्यांचं घर तीन पिढ्यांपासून छावनीतलंच. आजोबा रियासतीच्या फौजेत होते आणि सिस्टरांच्या बोलण्यात ती फौज अजून शिल्लक आहे. त्या म्हणाल्या की बेंचवर जागा नाही, लोक पायरीवर बसलेत, आणि तुमचं पोर्टल म्हणतं फ्लू गेला, हे कसं काय? मी ऑफिसच्या आवाजात सांगितलं, ‘‘सिस्टर, आपल्याला वाटतं ते वेगळं आणि डेटा वेगळा.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही डेटा बघा. मी पेशंट बघते.’’ आणि फोन ठेवला.

मला राग आला. खालचे लोक बदलाला विरोध करतात, असं मी नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो नाक शिंकरत ऐकत होता.

शुक्रवारपर्यंत आमचं अख्खं घर आडवं झालं. आधी नवरा, मग मुलगी, मग सासूबाई. मी शेवटची, कारण मला वेळ नव्हता. शनिवारी सकाळी सासूबाईंना धाप लागायला लागली. मोठ्या हॉस्पिटलात जायला त्या तयार नव्हत्या, तिथे परचा, म्हणजे केसपेपर, बनवण्यातच जीव जातो म्हणाल्या. त्यांना मायाच हवी होती, दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. मग सगळेच गेलो. साथरोगांच्या जिल्हा अधिकारी बाई सहकुटुंब, मफलर गुंडाळून, पायरीवर.

सिस्टर टॅबवर नोंद करत होत्या. सासूबाईंचं नाव, वय, मोबाइल. त्यांचा फोन भजनं ऐकायला आहे, कॉल त्या उचलत नाहीत, म्हणून मी माझा नंबर दिला. नवऱ्याला ओटीपी कळत नाही, त्याला माझाच. मुलीचा फोन परीक्षेमुळे माझ्याच कपाटात होता, तिलाही माझाच. मग माझा.

सिस्टरांचं बोट थांबलं. ‘‘मॅडम, चौघांना एकच नंबर?’’

‘‘हो, माझाच टाका.’’

‘‘टाकते. म्हणजे पोर्टलवर तुम्ही चौघं मिळून एक पेशंट.’’

मला ताप होता, तरी ते समजायला फार वेळ लागला नाही. सिस्टरांनी टॅब माझ्याकडे वळवला. यादीत एक नंबर पुन्हा पुन्हा येत होता. कोणाचा म्हणून विचारलं.

‘‘माझा. ज्या म्हाताऱ्यांकडे फोन नाही त्यांना काय परत पाठवू? फॉर्म तर पुढे जात नाही. मग मी आपला टाकून देते.’’ त्या जराही हसल्या नाहीत. ‘‘तुमच्या हिशोबाने सगळी गल्ली ठीक आहे मॅडम. बस मीच आजारी आहे, नोव्हेंबरपासून.’’

तेवढ्यात आत डॉक्टरने सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि आकडा बघून लगेच गाडी बोलावली. हाच डॉक्टर सोमवारपासून तिथे नसणार होता. त्याला हलवणारा आलेख मी काढला होता. हे मी त्याला सांगितलं नाही. वेळही नव्हता आणि हिंमतही.

सासूबाई भरती झाल्या. त्यांच्यापाशी थांबायला मुलीची मावशी आली आणि मी तोंडाला मास्क बांधून घरी लॅपटॉप उघडला. जुना नियम काढून टाकला. नंबरासोबत नाव आणि वयही जुळलं तरच डुप्लिकेट धरायचं, असा नवा घातला. आलेख उठून बसला. गेल्या वर्षीच्याही वर गेला.

सोमवारी सरांना फोन केला. ऑर्डर त्यांच्या टेबलावर सहीसाठी होती.

‘‘मॅडम, आपने तो कहा था फ्लू घट गया.’’

‘‘सर, मैंने गलत गिना था.’’

‘‘यानी अब बढ़ गया?’’

‘‘बढ़ा नहीं, सर. था उतना ही. अब दिख रहा है.’’

मग त्यांनी मवाळ आवाजात एक रस्ता सुचवला: दुरुस्ती पुढच्या महिन्यापासून करा, भोपाळला गेलेला आलेख तसाच राहू द्या, कोणी विचारणार नाही. खरंच कोणी विचारलं नसतं. मलाही तो रस्ता अर्धा मिनिट फार आवडला. पण पुढच्या महिन्यापर्यंत डॉक्टर गेलेला असता, आणि छावनीतल्या म्हाताऱ्यांना धाप लागल्यावर मोठ्या हॉस्पिटलापर्यंत टेम्पोत बसून जावं लागलं असतं. मी म्हटलं, आजच करायला हवं. सर म्हणाले, मग लिहून द्या, आपल्या नावाने. दिलं. चूक सिस्टरांची नाही, पोर्टलची नाही, नियम बनवणाऱ्या अधिकाऱ्याची आहे, असं एक वाक्य. ते लिहायला मला आलेखापेक्षा जास्त वेळ लागला.

ऑर्डर रद्द झाली नाही, बदलली. डॉक्टर रोजच्याऐवजी आठवड्यातून चार दिवस बसला, होळीपर्यंत. फ्लूच्या कॅप्सूलांचा साठा आला. सासूबाई सहाव्या दिवशी घरी आल्या आणि चहा पांचट आहे म्हणाल्या, तेव्हा कळलं की बऱ्या झाल्या. मोबाइल नंबराचा रकाना आता रिकामा सोडता येतो. सिस्टर मायांनी आभार मानले नाहीत. त्यांनी आणखी एका बेंचची मागणी पाठवली, ती मी तीन आठवड्यांत मंजूर करून घेतली. आमच्याकडे हा वेग समजला जातो.

आता कुठलाही आकडा खाली आला की मी आधी स्वतःवर संशय घेते. वर गेला तर संशय घ्यायला ऑफिसात इतर आहेत.