राखणीचे दहा सापळे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे माझ्या घरच्यांपासून डिचोलीच्या कचेरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण हळर्णच्या रानात त्या वर्षी मी तो गिळला, आणि फार बरं केलं.

मी तेव्हा वनरक्षक होते. वास्को बंदरात परदेशी लाकडाबरोबर एक पतंग येऊन पोचला होता. त्याच्या अळ्या काजूला पान म्हणून ठेवत नाहीत. तो आमच्या पेडणे तालुक्यात शिरलाय का, हे पाहायला मी हळर्णच्या झाडांना दहा सापळे टांगले. पुठ्ठ्याचा तिकोनी खोका, तळाला चिकट थर, मध्ये मादीच्या वासाची गोळी. नर येतो नि अडकतो. लवकर कळलं तर पाच-दहा झाडांवर भागतं, उशीर झाला तर गावाच्या बागा गेल्याच.

दुसऱ्या सोमवारी गेले, तर एकही सापळा जाग्यावर नाही! सगळ्यांचा ढीग गावच्या शिमेवर. वर हळद-पिंजर, शेजारी फोडलेला नारळ. कुणीतरी झाडांवर करणी केली म्हणून गावाने ती बाहेर काढून टाकली होती.

साहेब म्हणाले, "पोलिसांत तक्रार दे." मी उलट देवळात गेले, तिथे गावकर म्हणजे गावचे मानकरी बसतात. गावकरांसमोर एक सापळा उघडून चिकटलेले किडे दाखवले, पतंगाचं सगळं सांगितलं. मुख्य गावकर शांतपणे म्हणाले, "अगो बाय, रानात कायय टांगूचा तर आदी देवाक सांगूक व्हया."

मी पार्सेची, याच मातीतली. मला हे सुचू नये? लाज वाटली. चूक माझीच होती.

त्यांनी देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान रानाच्या राखणीक खोके बांदल्यात, तेंका यश दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यानंतर सापळ्यांना कुणी बोटही लावलं नाही. काजू गोळा करणाऱ्या बायका तर एखादा वाऱ्याने फिरला तरी मला निरोप धाडायच्या.

पाचव्या आठवड्यात एक पतंग चिकटलेला दिसला. राखाडी पंख, त्यावर काळी वाकडी रेघ. साहेब म्हणाले, "हा इथलाच." मी हट्टाने तो तपासणीला पाठवायला लावला. उत्तर आलं, तोच तो! आसपासची झाडं धुंडाळली, अळ्यांचे पुंजके असलेल्या फांद्या छाटून जाळल्या. सहा झाडांवर निभावलं.

पुढच्या हंगामात पुन्हा सापळे लावले. तपासायला निघाले तर त्या बायका पाठोपाठ आल्या. प्रत्येक झाडाखाली त्यांचा एकच प्रश्न, "गावलो?"

"नाय."

दहावा सापळाही रिकामा निघाला, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर चिडलेच असते.