पोटातून आलेली आरोळी

आमच्या वसाहतीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नातला उखाणा झाला की ते नाव जन्मभरासाठी मिटलं. आई बाबांना 'आमच्या घरचे' म्हणायची, फार तर 'पोरीचे बाबा'. तिच्या तोंडून त्यांचं नाव मी एकदाच ऐकलं, आणि तेही माझ्यामुळे.

बाबा चिखल्याच्या मँगनीज खाणीत होते, जमिनीखाली. आमचं क्वार्टर शेवटच्या ओळीत. त्यापुढे मैदान आणि मैदानापलीकडे शाफ्ट, जिथून माणसं पाळीपाळीनं खाली उतरत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं होती, मी कॉलेजात जायला लागले होते, आणि कराटेचं खूळ आमच्याकडेही येऊन पोचलं होतं. दर रविवारी तुमसरहून पहिल्या बसनं एक सर यायचे. आम्हाला विटा फोडायच्या होत्या, आणि ते आम्हाला डोळे मिटून बसवायचे.

"श्वास बेंबीखाली उतरवा. खांदे हलायला नकोत. ठोसा तिथून, आवाजही तिथून."

माझा आवाज गळ्यातूनच यायचा, मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. पोरं हसायची. हसलेलं मला खपत नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. मग मी तांदूळ निवडताना श्वास उतरवू लागले, बसमध्ये, चुलीपुढे. आई म्हणायची, "पोट कायले फुगवून राहिली वो? अपचन झालं का?"

एका हिवाळी रविवारी बस आली नाही. मैदान दवानं ओलं होतं, पाय घसरत होते. म्हणून मीच सगळ्यांना शाफ्टच्या कुंपणाजवळच्या कोरड्या जागेत नेलं. मोठ्या ताईचा आव आणून बसवलं, श्वास करवला. आणि त्या दिवशी तो उतरला. पोटात ऊब भरली. मी उभी राहिले, ठोसा मारला, आणि जो आवाज निघाला त्यानं मीच दचकले. आनंदानं वेडी झाले. "आता सगळे मिळून! जोरात!"

धुक्यात आमच्या आरोळ्या एकावर एक फुटत राहिल्या.

मग चपलांचे आवाज आले. धुक्यातून बायका धावत येत होत्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाचा पदर जमिनीवर. सकाळची पाळी खाली होती, बाबाही त्यातच. शाफ्टकडून माणसांच्या आरोळ्या आल्या तर आमच्या वसाहतीत त्याचा एकच अर्थ होतो, आणि हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. सगळ्यांत पुढे आई होती, अनवाणी. ती बाबांचं नाव घेत होती. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा, कुणाची लाज न धरता.

आम्हाला पाहून ती थांबली आणि मटकन खाली बसली.

"काहून बोंबलून राहिले रे पोट्टेहो?" शेजारची काकू ओरडली आणि ओरडता ओरडता रडायला लागली. आई उठली, पदर झटकला. घरी जाऊन तिनं भाकरी थापल्या. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझी आरोळीच बंद पडली. श्वास खाली उतरायचा, ठोसा जायचा, तोंड मिटलेलं राहायचं. पट्ट्याची परीक्षा जवळ आली. आरोळीशिवाय पट्टा नाही, असं सरांनी बजावलं होतं. मी घरी सांगून टाकलं की मी जाणार नाही.

परीक्षेच्या सकाळी आई मला पुढे घालून मैदानाच्या कडेला आली. एका हातात घरची खुर्ची, आणि मागे रात्रपाळी करून आलेले, झोपेनं पेंगणारे बाबा.

"मले कायले आणलं वो इथं?"

"बसा ना चुपचाप." तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे वळली. "हे पाह्य, तुये बाबा इथं बसले. सारी वसाहत पाहून राहिली. आता वरड, किती वरडाचं तं."

मी डोळे मिटले. श्वास खाली सोडला. ठोशाबरोबर आवाज निघाला, त्या दिवसासारखाच, पोटातून. डोळे उघडून मी आधी आईकडेच पाहिलं.

बाबा तिच्या शेजारीच होते. तरी तिनं दोन्ही हातांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता, आणि ती शाफ्टकडे पाहत होती.