खोटं रडणाऱ्या बाई

शेवगावात ज्यांना सगळे 'नाटकवाल्या बाई' म्हणत, त्यांना वाटेल तेव्हा रडता येत असे, आणि रडता रडता शेंगाही सोलता येत असत. गालांवरून पाणी वाहायचं, आवाज कापायचा. बाईंची बोटं मात्र टरफलं एकीकडे, दाणे दुसरीकडे टाकत राहायची. मी हे समोर बसून पाहिलं आहे. म्हणूनच त्यांच्याविषयी गावात जे बोललं जातं ते मला सहन होत नाही.

गाव म्हणतं, बाईंचं तान्हं मूल एका जत्रेच्या मुक्कामी गेलं आणि त्या दिवसापासून त्या रंगमंचावर खरं रडू लागल्या. फिरत्या नाटक कंपनीच्या तंबूत त्यांची आईची भूमिका गाजली होती. मेलेलं मूल मांडीवर घेऊन ती आई सबंध प्रवेशभर त्याच्याशी बोलत राहते. जामखेडपासून श्रीगोंद्यापर्यंत माणसं गाड्या जुंपून तेवढ्या प्रवेशासाठी येत. वस्तुस्थिती अशी, की बाईंना मूल झालंच नव्हतं. "मांडीवर उशी असायची गं," त्या मला म्हणाल्या, "आन् त्या उशीत ढेकनं. खरं पानी यायचं ते ती चावायची म्हनून." एवढं बोलून त्या इतक्या हसल्या, की शेंगांचं सूप कलंडलं.

मी नगरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही माझा आवाज घशात अडकायचा. परीक्षक 'मोठ्याने बोला' म्हणाले, की उरलासुरलाही जायचा. मला पुढे संशोधन करायचं आहे, आणि जिचं बोलणं ऐकूच येत नाही तिला प्रयोगशाळेत कोणी उभं करणार नाही. वडील शाळेत शिक्षक. त्यांनीच सुट्टीत मला बाईंकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या बरगड्यांवर लाटणं आडवं टेकवलं आणि श्वासाने ते पुढे ढकलायला सांगितलं. ते हलेना. "काय गं सायन्सवाली, हवा कुठं साठती एवढंबी न्हाई शिकवलं व्हय कॉलेजात?"

त्यांचा नियम असा, की वाक्य शेवटच्या रांगेतल्या बाईसाठी म्हणायचं. तंबूत पुढे पुरुष आणि मानकरी बसत. बाया मागे, कनातीला टेकून. "फुडच्यांना कुजबुजलं तरी कळतं. माघली बाई दिसभर राबून आलेली असती. तिला पोचलं न्हाई, तर आपन कशाला उभं ऱ्हायचं?" रडण्याविषयीही त्यांचं म्हणणं तितकंच नेमकं होतं. डोळ्यांतून पाणी काढणं सोपं. हुंदक्यात शब्द स्वच्छ ठेवणं अवघड, आणि त्यासाठी श्वास कुठे चोरून घ्यायचा हे आधीच ठरलेलं असावं लागतं. ही पद्धत होती आणि ती तपासून पाहता येत होती. मी ती तपासली. पुढच्या तोंडी परीक्षेत माझा आवाज परीक्षकांच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला.

ही विद्या गावातल्या मुलींना शिकवावी, एवढी एकच इच्छा बाईंनी धरली होती. शाळेचं सभागृह रविवारी तासभर मिळालं असतं तर काम झालं असतं. काही मुलींनी नावंही घातली होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष नाना म्हणाले, आधी बाईंचा सत्कार करू, तिथेच वर्ग जाहीर करू.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. सत्काराला खडी फोडायच्या कामावरून आलेल्या बाया सभागृहात मागे उभ्या होत्या. नानांनी बाईंना शाल पांघरली आणि माइकवर त्या तान्ह्या मुलाची गोष्ट सुरू केली. बाई शेजारी बसून ऐकत होत्या. शेवटी नाना म्हणाले, "बाई, तो प्रवेश एकवार होऊ द्या. गावाला तुमचं दुःख पाहू द्या."

बाई उठल्या. शालीची गुंडाळी करून खाली बसल्या, ती मांडीवर घेतली आणि तिच्याशी बोलू लागल्या. पुढच्या रांगेत उपरणी डोळ्यांना लागली. नानांनी रुमाल काढला. आणि ऐन हुंदक्यात बाई थांबल्या. शाल झटकून खांद्यावर टाकली आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हितं मी श्वास घेतला. दिसला कुनाला? न्हाई दिसला. ह्येच शिकवायचं हाय मला पोरींना. आन् नाना, मला मूल नव्हतं वो झालं कधी."

पुढच्या रांगेतले एक बागाईतदार म्हणाले, "मंग आमी उगाच रडलो व्हय?"

यापेक्षा नेमकं प्रात्यक्षिक मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही. गावाला मात्र ती फसवणूक वाटली. वर्ग जाहीर झाला नाही. मुलींच्या बापांनी नावं काढून घेतली. नाना माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरीबाळींना खोटं रडायला शिकवायचं का, मास्तर?" हे मी संतापून बाईंना सांगितलं तेव्हा त्या शेंगा सोलत होत्या. "खरं रडायला तर साऱ्याच शिकल्यात," त्या म्हणाल्या, आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

गवयाने तान घेतली तर त्याच्या घरी कोण मेलं, असं कोणी विचारत नाही. पैलवानाच्या डावाला मेहनत म्हणतात. बाईमाणूस रंगमंचावर रडलं, की ते तिच्या नशिबातूनच आलेलं असलं पाहिजे. ती ते शिकली असेल, घासूनपुसून पक्कं केलं असेल, हे मान्य केलं तर तिला गुरू म्हणावं लागतं. कीव करणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई तापाने गेल्या. मी नगरला परीक्षेत होते; घरी पोचले तेव्हा शोकसभा भरत होती, त्याच सभागृहात. या वेळी ते मागावं लागलं नव्हतं. नाना माइकवर म्हणाले, "आज त्या माउलीची आणि तिच्या लेकराची स्वर्गात भेट झाली असेल."

मी उठले. "मला बोलायचं आहे."

"बस गं पोरी, वेळ थोडा हाय," नाना म्हणाले आणि त्यांनी माइक स्वतःकडे ओढला.

मी जिथे होते तिथूनच बोलले. "बाईंना लेकरू नव्हतं. हे त्यांनी याच जागी सांगितलं होतं. त्यांच्यापाशी विद्या होती. ती त्या तुमच्या मुलींना देत होत्या, आणि तुम्ही त्यांना आठवड्यातून एक तास हे सभागृह दिलं नाही." मागे उभ्या असलेल्या एका बाईने पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि शेजारणीला म्हटलं, "आलं बग ऐकू. समदं आलं."

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली. सभेत एका विद्यार्थिनीला शोक अनावर झाला, असं वार्ताहराने लिहिलं होतं.

मी रडले नव्हते. श्वास शेवटच्या शब्दापर्यंत पुरला होता.