तोरणमाळचा फोटो

आमच्या असोद्यात लोटन जीवरामला एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्याला मी माझ्या हाताने पेढा भरवीन. जेवताना त्याचा गुडघा हलायचा. कीर्तनात बसला की बुवांचं निरूपण रंगात येईतो हा बाहेर जाऊन वहाणा तपासून यायचा. केळीला पाणी सोडलं तर पाण्याच्या पुढे धावायचा, जसं काही पाण्याला वाफ्याची वाट ठाऊकच नाही. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, त्यामुळे त्याची घालमेल मला फुकटात ऐकू यायची. सत्तावनच्या हिवाळ्यात तर तिने माझीही झोप उडवली.

त्याची बायको धुरपदाबाई पावसाळ्यापासून खोकत होती. जळगावच्या डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो काढला, औषध दिलं आणि सांगितलं, "थंडी संपायच्या आत डोंगरावरच्या हवेत नेऊन ठेवा. मग पाहू." हे 'मग पाहू' लोटनच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. तडक माझ्याकडे आला आणि माझ्या ओट्यावर येरझारा घालू लागला.

"शालिग्राम, डाक्टरनं तिच्या हाडांचा फोटो काढला. तोंडाचा एकबी नही. उद्या काही झालं तं मी काय त्या हाडांकडं पाहत बसू?"

"मग जळगावात जा आणि काढ."

"आबा येतीन ना!"

ही त्याची खरी अडचण. आबा म्हणजे त्याचे वडील, जीवराम आबा. फोटो निघणार म्हटल्यावर घरातला वडीलधारा मधल्या खुर्चीवर हवाच, त्याला वगळून काढला तर गाव तोंडात शेण घालेल. आणि आबा समोर असले की धुरपदाबाईचा पदर हनुवटीच्या खाली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याने सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं, सुनेने त्यांच्याशी शब्द काढला नव्हता. आमच्याकडची रीतच तशी. म्हणजे फोटोत लुगडं येणार आणि लुगड्याच्या आत कोण, ते देवालाच ठाऊक.

लोटनची आई तो रांगत असताना गेली. ती दिसायला कशी होती, हे त्याने गावातल्या प्रत्येक म्हातारीला विचारून पाहिलं होतं. कुणी म्हणे गोरी होती, कुणी म्हणे सावळी, आणि बहुतेक जणी म्हणत, "कोण जाणे बापा, पदर ऱ्हाये तिचा." आपल्या पोरांवर ही पाळी येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. मला त्याचा राग यायचा आणि त्याच क्षणी कीवही यायची.

मग त्याने बेत रचला. सातपुड्यात तोरणमाळला जायचं. वर थंड हवा, तळं, साहेबांच्या वेळचा बंगला. डॉक्टरचं ऐकल्यासारखं होईल, आणि शेवटची चढण पायी असल्याने गुडघे धरलेले आबा आपण होऊन घरी राहतील. जळगावचा रुपचंद फोटोवाला बरोबर न्यायचा, पण निघायच्या दिवसापर्यंत आबांना ह्या बेतातलं अवाक्षर कळू द्यायचं नाही. आणि रुपचंदच्या पेट्यांवर नजर ठेवायला मला न्यायचं! मी नाही म्हणालो. तो रोज आला. शेवटी त्याच्या येण्याला कंटाळून मी हो म्हणालो.

त्यानंतर त्याला दम कसा तो नव्हता. आज आभाळ भरून आलं म्हणून काळजी, उद्या ऊन कडक पडलं म्हणून. धुरपदाबाई खोकली की हा आपल्या अंगणातून माझ्या अंगणात यायचा, खोकला थांबला की का थांबला म्हणून परत जायचा. फोटोच्या काचा वाटेत फुटल्या तर? रुपचंद आजारी पडला तर? "आणि आबांना कळलं तर?" मी विचारलं की तोंडावर बोट ठेवून भिंतीकडे बघायचा, भिंतीपलीकडे त्याचंच घर असताना.

आबांना कळलंच, आणि ते लोटनच्याच धांदलीमुळे. डोंगर चढायचा म्हणून त्याने घरातल्या सगळ्यांना नव्या वहाणा आणल्या. मुलगी कुंदाला आणल्या, मुलगा हिलालला आणल्या, बायकोला आणल्या, मलासुद्धा आणल्या. आबांनी ओसरीवर मांडलेली ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"लोटन, मह्या पायाले काटे टोचत नही का रे?"

लोटनचा गुडघासुद्धा हलायचा थांबला. "आबा, चढण हाये... तुमचे गुडघे..."

"सून बिमार, तुम्ही बठ्ठे डोंगरावर, अन मी इथं भिंती राखू? मीबी येतो."

आता बापाला तोंडावर नाही कोण म्हणणार? आबांच्या वहाणा आल्या.

आगगाडीने दोंडाईचा, मोटारीने शहादा, तिथून नथ्थू गाडीवानाची बैलगाडी. सगळ्या वाटेत धुरपदाबाई पदराआड खोकत होती आणि लोटन कधी गाडीत, कधी गाडीमागे, कधी बैलांच्या पुढे. पायथ्याशी मला वाटलं, आता तरी आबा कच खातील. नथ्थूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"आबाले वर लई जानं शे ना? मंग झोयी बांधूत."

झाली झोळी. आबा झोळीत बसून डोंगर चढले, वाटेत दिसेल त्या झाडाचं नाव विचारत. लोटनचं तोंड असं झालं होतं की मला हसू आवरेना, आणि हसल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी रुपचंदने तिपाई उभी केली, काळं कापड डोक्यावर घेतलं. बंगल्यातून खुर्ची आणली होती. पागोटं बांधलेले आबा मध्ये बसले, एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला लोटन, आणि त्याच्यापासून हातभर लांब धुरपदाबाई. पदर हनुवटीच्या खाली.

रुपचंद कापडातून बाहेर आला. "बाई, पदर जरा वर घ्या."

पदर जरा आणखी खाली आला.

लोटन रांग सोडून तळ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मला माझ्या बायकोचं तोंड फोटोत हवंय, हे बापासमोर कुठल्या तोंडाने बोलणार? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो तळ्याकडे बघायचं सोंग करत होता. माझ्या जिभेवर आलं होतं, ओरडून सांगावं. पण दुसऱ्याच्या घरच्या सुनेबद्दल मी काय बोलणार?

"फोटोवाले," आबांनी विचारलं, "ह्याच्यात सूनबाईचं तोंड दिसन का?"

"नाही आबा. कापड दिसेल नुसतं."

आबांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "लोटनच्या मायचंबी असंच झालं. घरात माणसं गह्यरी, सदा गर्दी, दिवसा काही आम्ही एकमेकांकडं पाह्यलं नही. आता आठोतो तिले, तं तोंडच आठोत नही."

काठी टेकून ते उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच फिरवली, तळ्याकडे तोंड केलं आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

"सूनबाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते. "मी तयाच्या पान्याकडं पाह्यतो. तू फोटोवाल्याकडं पाह्य."

"आबा, तुमचं तोंड यायचं नाही मग," रुपचंद म्हणाला.

"मह्यं तोंड बठ्ठ्या गावानं पाह्यलं हाये. काढ तू."

धुरपदाबाईने पदर डोक्यावर सारला. रुपचंद म्हणाला, कुणी हलू नका. त्याने भिंगावरचं झाकण काढलं, परत लावलं. तेवढ्यात जे व्हायचं ते झालंच. आबा तिथंच बसलेले असताना बायको उघड्या तोंडाने शेजारी उभी, हे लोटनला जन्मात ठाऊक नव्हतं; तो मान वळवून तिच्याकडेच पाहत राहिला. फोटोत त्याच्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा आहे. आबांची पाठ आणि पागोट्याचा शेव आहे. आणि धुरपदाबाई अगदी स्वच्छ आली आहे, कपाळावरच्या गोंदणासकट.

डोंगरावरच्या हवेने म्हणा, औषधाने म्हणा, ती बरी झाली. पुढच्या भादव्यात तापाचं निमित्त होऊन आबाच गेले. हार घालायला फोटो हवा म्हणून सगळं घर धुंडाळलं, तर हा एवढाच. त्यांच्या पाठीलाच हार घातला.

तो फोटो त्यांच्या ओसरीवर अजून आहे. त्याच्यासमोरून जाताना धुरपदाबाई पदर ओढून घेते, हनुवटीच्या खाली. एकदा मी चेष्टा केली, "वहिनी, आबांची तर पाठ आहे. पदर कशाला?"

पदराआडूनच ती म्हणाली, "भाऊजी, मह्यापायी ते अजून तसेच बसेल हायेत. अवघडून वळले एखांद्या टायमाले, तं?"