मामाचा भूर्ज

माझ्या थोरल्या मामाइतकी झाडांच्या तब्येतीची काळजी अख्ख्या मराठवाड्यात कुणी केली नसेल. खुद्द झाडांनीही केली नसेल. एसटीत कंडक्टर होता तेव्हा अहमदपूर ते निलंगा रस्त्यावरचा एकेक लिंब त्याच्या ओळखीचा. एखादा सुकलेला दिसला की तिकिटं फाडायची सोडून हा खिडकीला नाक लावायचा. लग्नाला गेला तर नवरदेवाआधी मांडवामागच्या चिंचेची विचारपूस व्हायची. मी दवाखान्यातून सुटून घरी आलो तेव्हा तो भेटायला आला, माझ्यावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "तू बरा हायस. दारातल्या जांभळाचं काही खरं न्हाई."

रिटायर झाल्यावर तो मामीला घेऊन बद्रीनाथला गेला. तिकडे चढावर मामीला धाप लागली, एका भूर्जाखाली ती टेकली आणि कागदासारख्या सुटणाऱ्या त्याच्या पांढऱ्या सालीवरून हात फिरवत म्हणाली, असं झाड आपल्या दारात पाहिजे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने तोंडाने मागितलेली ही पहिली वस्तू. मामाने नर्सरीतून रोप घेतलं आणि तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन अहमदपूरला आणलं. थंड मुलखातलं झाड इथं जगायचं नाही, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ऐकेल तर तो मामा कसला.

पावसाळा आणि हिवाळा रोपाने काढला. पण पाऊस तुटपुंजा झालेला. उन्हाळ्यात नळ पंधरा दिवसांनी येऊ लागला. मामाने रोपावर ओल्या पोत्यांचा मांडव घातला. शिवाय मामी रागावेल म्हणून तिला न सांगता आंघोळ बंद केली. मोरीत जाऊन नुसते केस ओले करायचे आणि बादली गुपचूप झाडाला. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्याच्या शेजारी बसताना मी वारा बघून बसायचो. तरी पानं पिवळी पडत चालली. ती पिवळी पडली की मामा पाणी वाढवायचा.

मे महिन्यात झाड गेलं. मी पोचलो तेव्हा मामा आळं उकरत बसला होता. आजूबाजूची जमीन भेगाळलेली आणि आळ्यात काळ्या मातीचा नुसता चिखल. मुळं कुजून वास मारत होती.

"दुष्काळात झाड बुडवलं मी," तो म्हणाला. "मामीला बोलू नको. ऊन लागलं म्हण."

मी आत गेलो. मामीने चहाचं आधण ठेवलं होतं. ती हळूच म्हणाली, "माझ्या आंघोळीचं पाणी मी बी लपून घालत होते रे. लई झालं वाटतं. ह्यांना कळू देऊ नको, लई जीव लावला होता त्यांनी."

चहा घेताना मी ऊन लागलं एवढंच म्हणालो. यंदा ऊनच फार, असं मामी म्हणाली. मामाने मान हलवली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मला वाटलं, सांगून टाकावं. पण शब्द दोघांनाही दिला होता. तो मी अजून पाळतो आहे, आणि दर खेपेला तिथून निघताना वाटतं, मोडायला हवा होता.