बाई आधी पाय पाहत

आमच्या बाई माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. एकदा भंडाऱ्याच्या बाजारात आमच्या डॉक्टरांच्या पत्नीने त्यांना नमस्कार केला, तर या नुसत्याच उभ्या. मग चपलेतला अंगठा दिसला आणि चेहरा खुलला, "अवो माय, तुम्ही व्हय!"

तुम्ही म्हणाल, असं कसं? मीही विचारलं होतं. "माही जागा पायथ्याशी," बाई म्हणाल्या. "तिथून मले तोंड कुठून दिसन?"

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर खेड्यांत किती आहे आणि लवकर सापडला तर बरा होतो का, यावर नागपूरच्या एका डॉक्टरांचं संशोधन चाललं होतं. बाई त्यातल्या नर्स, मी तंत्रज्ञ. बाई टेबलाच्या पायथ्याशी बसून लाकडी काडीने नमुना घेत आणि काचेवर पसरवत. मी काचेवर नंबर कोरून ती स्पिरिटच्या बरणीत बुडवी. त्या बरणीपायी तुमसरच्या गाडीत कंडक्टर माझं तोंड हुंगायचा. बाई त्याला सांगत, "ह्याले चहाच चढते, बाकीचं कायले घेईन!" गाडी हसायची आणि मी खिडकीबाहेर पाहायचो.

कॅन्सर हा शब्द बाई उच्चारत नसत. "याच्यापेक्षा भात शिजाले जास्त टाइम लागते," एवढंच सांगून बायकांना आत घेत. एखादा नवरा आडवा आला तर त्याला विचारत, "बैलाले दाखवाले तुमसरले जातेस, अन बायकोले दाखवाले शाळेपर्यंत नाही येत?"

नाकाडोंगरीकडच्या एका गावात शाळेत शिबिर झालं. पंधरा दिवसांनी त्यातली एक काच संशयास्पद निघाली. नाव अनसूया. तिला नागपूरला नेऊन तपासलं, तर काहीच नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की नंबर मीच चुकवला हे मलाही पटलं.

"त्याची चूक नाही साहेब," बाई म्हणाल्या. "हे पाय ते नव्हत. त्या दिवशीच्या उजव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढली व्हती."

"बाई, पायांवरून रोग ओळखता येत नाही."

"रोग नाही, मानूस ओळखता येते."

म्हणजे दुसरीच कोणी बाई तो आजार पोटात घेऊन फिरत होती आणि तिला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या गावी गेलो.

आता भाताच्या रोवणीच्या दिवसांत पाय पाहायचे कसे? अख्खं गाव पोटरीभर चिखलात. बाईंनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री रोवली आणि ओरडल्या, "निंगा वो बाहेर! पाटाच्या पान्यात पाय धुवा!"

एक म्हातारी म्हणाली, "काहून वो बाई, सोयरीक आनली का? पोरीचे पाय पाहून राहिली!"

हसत खिदळत बायकांनी रांगेत पाय धुतले. बाई प्रत्येकीच्या पायाशी वाकत होत्या. ती करंगळी काही सापडेना. लांबच्या बांधीत, भाताच्या खाचरात, मात्र एकजण पाठ वर न करता रोवतच होती. बाईंनी पांढरं पातळ खोचलं आणि सरळ चिखलात उतरल्या. एक चप्पल तिथेच रुतून राहिली. त्यांनी त्या बाईचा पाय धरून उचलला, तशी ती मागे बसली आणि तिच्यासोबत बाईही. बसल्या बसल्याच त्यांनी गढूळ पाण्याने तो पाय चोळून धुतला.

करंगळी बोटावर चढलेली होती. तो पाय मांडीवर घेऊन बाईंनी आपल्या पांढऱ्या पदराने पुसला.

ती अनसूयेची धाकटी जाऊ, भागरता. अनसूया हातातली रोपांची पेंढी टाकून रडत आली. "मले भेव वाटलं बाई. माह्या नावानं बसून ये म्हनून मीनंच तिले तोंडावर पदर ओढून धाडलं."

"रडशीन मंग," बाई म्हणाल्या. "इच्या वाटची रोवनी कोन करन?"

"मी."

"अन सैपाक?"

"मीच."

"मंग उठ भागरते. गाडी चुकन."

नागपूरला भागरतेला किरणांचे शेक दिले. बाई रजा काढून तिच्याजवळ राहिल्या आणि रोज कोणाशी ना कोणाशी भांडल्या. आजार सुरुवातीलाच हाती लागला होता. भागरता बरी झाली. खरं सांगतो, अनसूयेने भिऊन जावेला पाठवलं नसतं तर भागरतेची तपासणी झालीच नसती. हे मी एकदा बाईंना म्हटलं. "अनसूयेजवळ बोलू नको," त्या म्हणाल्या, "ते पुन्हा कोनाले तरी धाडन."

बाई काही वर्षांनी निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आतच गेल्या. त्यानंतर त्याच गावी पुन्हा शिबिर लागलं. नवी सिस्टर हुशार होती, नम्र होती. शाळेच्या पटांगणात बायका जमल्या, पण पहिली जायला कोणी तयार होईना. मी यादी घेऊन अर्धा तास बसलो. बाई असत्या तर एव्हाना निम्म्या आटोपल्या असत्या, या विचाराने मला रडू फुटायची पाळी आली होती.

तेवढ्यात मागून तोंडावर पदर ओढलेली एकजण उठली. तिच्यामागे भागरता उभी होती, धडधाकट, पदरात हसू दाबत. उठलेली पुढे आली आणि तिने तोंडावरचा पदर मागे सारला.

"नाव?" नव्या सिस्टरने विचारलं.

"अनसूया," ती म्हणाली. "अन मीच आहो."

सिस्टरला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी लगेच मागे वळलो, आणि ज्यांना ते सांगायचं होतं त्या बाई तिथे नव्हत्या.