सावकाश पिणारं लाकूड

जगात लाकूड आणि लाकूड नसलेलं अशा दोनच जातीच्या गोष्टी आहेत, अशी आमच्या चाचांची ठाम समजूत. माणसं दुर्दैवानं दुसऱ्या जातीत मोडतात, त्यामुळे चाचा त्यांना सांभाळून घेतात, एवढंच. कुणाच्याही घरी गेले तरी आधी चौकट, मग दार, मग टेबल यांची विचारपूस व्हायची आणि घरमालकाचा नंबर चहाबरोबर लागायचा. चाचांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण माझ्या फोनमध्येसुद्धा ते ‘चाचा दरवाजा’ म्हणूनच आहेत. कारण जेद्द्यात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात समुद्राच्या दमट हवेनं आमच्या घराचं दार असं फुगलं, की मी आत आणि बायको-मुलगी बाहेर अशी कुटुंबाची फाळणी झाली. कुणीतरी यांचा नंबर दिला. चाचा आले, बाहेरून दारावर बोटाच्या पेराने तीन टकटका मारल्या, कान लावला आणि मला न विचारता दारालाच विचारलं, “काय रं, काय होतंय?” आतून मी म्हणालो, “अहो, मी अडकलोय!” त्यावर बाहेरून उत्तर आलं, “तुम्ही जरा गप ऱ्हावा वो, त्याला बोलू द्या.”

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे. बाप होड्या बांधायचा, आजाही होड्याच बांधायचा. चाचा मात्र तरुणपणीच इकडे आले आणि बलदमधल्या, म्हणजे जुन्या जेद्द्यातल्या, घरांचे ते नक्षीदार लाकडी सज्जे दुरुस्त करण्याच्या कामाला लागले ते लागलेच. त्यातलं बरंचसं सागवान कधीकाळी गलबतांतून आपल्याच बाजूनं आलेलं. त्या लाकडाचा चाचांना गावकऱ्याचा असावा तसा अभिमान. “माझ्या आजाच्या आधी आलंय वो हे इथं. हमी घेणारा कफील नाय, ऱ्हायच्या परवान्याचा इकामा नाय, आणि एक दिवस आजारी रजा नाय,” असं ते सज्ज्याकडे मान वर करून सांगायचे. हत्यारं ठेवायची त्यांची पेटीसुद्धा सागवानी, बापानं केलेली, गावाहून बोटीनं आलेली. दुपारच्या सुट्टीत चाचा तिच्यावरच बसायचे. एरवी राहत्या खोलीत बसायला लाकूड नव्हतं. चाची सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गावी गेल्या आणि नातवंडांत रमून तिकडेच राहिल्या. तेव्हापासून चाचा बलदमधल्या एका खोलीत चौघांबरोबर राहत. लोखंडी खाटा, प्लास्टिकच्या खुर्च्या, पत्र्याचं कपाट. “खोलीत लाकडाचं म्हणून एकच, लाटणं,” ते म्हणायचे. “त्याच्याशी काय बोलणार?”

म्हणून दर शुक्रवारी असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज आटोपली की चाचा आमच्याकडे यायचे. पहिल्याच भेटीत आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी टकटक केली. ते टेबल मी अस्सल शिसवी म्हणून घेतलं होतं आणि तसं घरी सांगलीपर्यंत फोनवरून कळवलंही होतं. चाचा म्हणाले, “भुसा हाय. वर शिसवाचा फोटू चिकटवलाय.” त्या दिवसापासून बायको मी आणलेल्या प्रत्येक वस्तूवर टकटक करते. परवा कलिंगडावर केली ते समजू शकतो, पण लग्नाच्या वाढदिवसाला दिलेल्या साडीच्या खोक्यावरही केली.

चाचांचा स्वभाव मऊ, पण लाकडाच्या बाबतीत माफी नाही. रायगडकडच्या, पण इथंच राहणाऱ्या त्यांच्या एका जुन्या स्नेह्यानं हौसेनं घरच्या सागवानी दाराला पांढरा ऑइलपेंट दिला. चाचांनी दाराकडे पाहिलं, चपला पायातच ठेवल्या आणि तिथूनच परत फिरले. वीस वर्षांचं येणं-जाणं त्या दिवशी खलास. हा किस्सा त्यांनी स्वतःच मला सांगितला होता, आणि तो मी विसरायला नको होता.

झालं असं, की आमच्या घरामागच्या चिमुकल्या अंगणात एक बाकडं घ्यावं, असं ठरलं. चाचांना कळलं मात्र, त्यांच्या अंगात वारं शिरलं. तीन शुक्रवार आम्ही दोघं दुकानं पालथी घालत होतो. चाचा वाकायचे, वास घ्यायचे, नख टोचायचे आणि नापास करायचे. हे ओलं हाय. हे उलटं कापलंय. हे बरं हाय, पण स्वभाव तापट, दोन उन्हाळ्यांत फाटंल. चौथ्या शुक्रवारी बायको म्हणाली, “बाकडं बघताय की जावई?” आमची मुलगी तेव्हा इयत्ता तिसरीत होती. ती घाबरून म्हणाली, “बाबा, आय डोन्ट वॉन्ट एनी बाकडं!”

आता माझा गुन्हा सांगतो. मंगळवारी ऑफिसातून लवकर सुटलो आणि एकटाच एका दुकानात शिरलो. तिथं दोन बाकडी शेजारी शेजारी मांडलेली. एक खरं सागवानी, एक कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून ओतलेल्या फळ्यांचं. दिसायला जुळी भावंडं. विक्रेत्यानं सागवानाबद्दल खरं तेच सांगितलं, की वर्षातून निदान दोनदा तेल लावावं लागेल, नाहीतर करडं पडेल. मग कॉम्पोझिटवर हात ठेवून तो नुसतं म्हणाला, “सर, इसमें कुछ करना ही नहीं है.” मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम करतो. ज्यात काही करावंच लागत नाही अशी वस्तू मी आयुष्यभर शोधत होतो. चहा यायच्या आत सौदा झाला.

त्या विक्रेत्यानं एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. पहिल्याच दुपारी मी आखूड चड्डीवर, हातात वर्तमानपत्र घेऊन, ऐटीत त्या बाकड्यावर टेकलो. जेद्द्याच्या उन्हात ते प्लास्टिक तापून तवा झालं होतं. मी ज्या वेगानं उठलो त्या वेगानं मी ऑफिसात कधीच उठलेलो नाही. पुढचे दोन दिवस माझ्या मांड्यांवर फळ्यांचे समांतर पट्टे होते आणि बायको बर्फ लावताना म्हणत होती, “एवढं सरळ काम तुमच्या हातून पहिल्यांदाच झालं.”

शुक्रवारी चाचा आले. मी सकाळपासून वाक्यांची जुळवाजुळव करत होतो. ‘चाचा, तुमचा वेळ वाचवला,’ किंवा ‘चाचा, आजकाल काय आहे ना...’ पण त्यांनी अंगणात बाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला, जणू त्यांना न सांगता घरातलं लग्न उरकलं. माझ्या डोळ्यांपुढे तो पांढरा दरवाजा आणि पायातच राहिलेल्या चपला उभ्या राहिल्या. तोंडातून निघून गेलं, “सागवानच घेतलं, चाचा! अगदी तुम्ही सांगितलं तसं.” बायकोला एकदम खोकला आला आणि ती स्वयंपाकघरात गेली. मुलगी म्हणाली, “बट बाबा, यू सेड प्ला...” मी तिच्या तोंडात हुफूफचा एक खजूर कोंबला, आणि ती तो चावते आहे तोवर दुसरा हातात तयार ठेवला.

चाचा बाकड्यापाशी गेले. वाकले. टक, टक, टक. कान कलता केला. माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, खजूर चघळणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, “सागवान.” आणि बसले. त्या रात्री मला झोपेतसुद्धा हसू येत होतं. उभ्या जेद्द्याच्या सज्ज्यांनी ज्या कानापुढे मान तुकवली तो कान मी फसवला! थोडं वाईटही वाटलं. चाचा म्हातारे झाले, असं मी बायकोला हळहळत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या शुक्रवारी चाचा एक डबा घेऊन आले. “सागवान घेतलात ना? मग तेल पाजायला पायजे.” तेल त्यांनी स्वतः सिद्ध केलेलं, जवसाचं, आणि त्यात होड्यांना लावतात ते माशाचं तेल सढळ हातानं. चाचा खुर्चीवर बसले आणि मी गुडघ्यांवर. “रेघेच्या बाजूनं फिरवा. दाबू नका. लाडानं, लाडानं.” काहीच करायला लागू नये म्हणून जे बाकडं घेतलं होतं, त्याला मी लाडानं तेल चोळत होतो. तेल अर्थातच आत जाईना. प्लास्टिकच्या अंगावर ते दव पडल्यासारखं उभं राहिलं. मी घाबरत म्हणालो, “चाचा, पीत नाहीये.” चाचा चहाचा निवांत घोट घेत म्हणाले, “पितंय, पितंय. सावकाश पिणारं लाकूड हाय.”

मग हे दर महिन्याला, पहिल्या शुक्रवारी. माशाच्या वासानं बलदपासूनची सगळी मांजरं आमच्या अंगणात जमू लागली आणि एकेक फळी वाटून घेऊन चाटू लागली. एकदा धुळीचं वादळ आलं, तेव्हा त्या तेलावर वाळूचा असा थर बसला की बाकडं रवा लावलेल्या बांगड्यासारखं दिसायला लागलं, फक्त तळायचं बाकी. शेजारचे सौदी गृहस्थ एकदा आपुलकीनं चौकशीला आले आणि पांढऱ्याशुभ्र, पायघोळ थोबानिशी त्यावर टेकले. उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर पाच तेलकट पट्टे. मी माफीसाठी अरबी शब्द शोधत होतो. तेच बिचारे “मा फी मुश्किला”, काही बिघडलं नाही, असं म्हणाले, आणि भिंतीकडे पाठ करून, खेकड्यासारखे तिरके चालत घरी गेले.

खोटं कबूल करून टाकावं, असं दर महिन्याला वाटायचं. पण चाचा आता लवकर यायला लागले होते, उशिरा जायला लागले होते. तेल लावून झालं की वर्तमानपत्र पसरून बाकड्यावर बसून खाडीच्या, होड्यांच्या, बापाच्या गोष्टी सांगायचे. मुलीला टकटक शिकवायचे. ती त्यांच्याशी मराठी बोलायची, जी ती आमच्याशी कधी बोलत नाही. आता सांगितलं आणि चपला पायातच राहिल्या तर? एकदा भर दुपारी आले, बाकड्याला हात लावून म्हणाले, “लय तापलंय वो तुमचं सागवान.” मी म्हणालो, “हा जेद्द्याचा सूर्य, चाचा.” ते म्हणाले, “बलदमध्ये पण तोच असतो.” आणि विषय तिथंच ठेवून चहा मागितला.

यंदाच्या रमजाननंतर एका शुक्रवारी त्यांनी डबा आणला नाही. म्हणाले, “कागद झालं. फायनल एग्झिट. आता कायमचं गावी. चाची म्हणते, आता माझ्या दारांकडं बघा.” शेवटचा शुक्रवार ठरला. मी मनाशी म्हटलं, हा माणूस माझं खोटं सामानात घेऊन जाता कामा नये. रागावून गेले तर जाऊ देत.

त्या शुक्रवारी ते हत्यारांची पिशवी आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मी वर्तमानपत्र पसरून त्यांना बाकड्यावर बसवलं, समोर उभा राहिलो आणि म्हणालो, “चाचा, एक सांगायचंय.”

“बाकडं प्लास्टिक हाय, तेच ना?”

मी मटकन त्यांच्या शेजारी बसलो, तेही त्या तेलात.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तीन टकटकांत. माझ्या कानाला अजून काय झालं नाय वो.”

“मग तेल? वर्षभर मी गुडघ्यांवर...”

“खोटं बोललात ना? मग एवढी तरी मजा म्हाताऱ्याला नको?” आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. चाचांना कळलंय हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बाईसाहेब! चाचाही हसले आणि मग बाकड्याच्या फळीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आणि कसं हाय, नुसतं चहाला दर शुक्रवारी जाऊन बसायचं म्हणजे लाज वाटते. हातात डबा असला की कामाला आल्यागत होतं. मी दारातनं परत फिरतो ते रंगवलेल्या लाकडासाठी. तुम्ही खोटं बोललात ते मी यावं म्हणून. त्याला काय करायचं?”

कापड सोडलं. आत सागवानाच्या दोन घासलेल्या पट्ट्या होत्या. पेटीचं झाकण. पेटी विमानात जात नव्हती. बाकीची हत्यारं त्यांनी बलदमधल्या जोडीदाराला दिली होती आणि बापानं केलेलं झाकण कापून आमच्या बाकड्याला हात केले होते. दोन्ही बाजूंना बसवायला अर्धा तासही लागला नाही. “बूड टेकवायला काय पण चालतं,” चाचा स्क्रू आवळत म्हणाले, “हात ठेवायला लाकूड असू दे.” जाताना दाराच्या चौकटीवर टकटक केली, काहीतरी पुटपुटले आणि निघाले. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. ते दाराशी बोलत होते.

आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्या दोन हातांना तेल लावतो. ते खरंच पितात. दोन मांजरं अजून येतात. संध्याकाळी खाडीकाठाहून व्हिडिओ कॉल येतो आणि चाचा हुकूम सोडतात, “फोन बाकड्याच्या हातावर ठेवा.” मी ठेवतो. मुलगी टक, टक, टक करते. पलीकडे चाचांचा कान पडदाभर होतो, मागून चाची कुणाला तरी ओरडत असतात, आणि ते बराच वेळ ऐकत राहतात. मग कान बाजूला होतो. “खुशाल हाय,” चाचा म्हणतात. आणि जरा थांबून, “तुम्ही कसे हाव?”